डोंगराचं नाव

सोमवारी सकाळी गुंडाप्पा ते कुत्रं अंगणात बांधून गेला, आणि मंगळवारच्या दुपारपर्यंत घरातल्या जवळजवळ प्रत्येकानं त्याला एकेका डोंगराच्या नावानं हाक मारून बघितली. कुत्रं कशालाच उठलं नाही. शेवग्याच्या बुडाशी ते पायांवर तोंड टाकून पडलं होतं. तांबूस रंग, एक कान उभा, एक लोंबता, वय फार तर वर्षाचं. हाक आली की नुसते डोळे वर करायचं आणि परत मिटायचं.

गुंडाप्पा बैलांचा दलाल. सास्तूरच्या बाजारात त्याला दोन-तीनदा पाहिल्याचं घरधनी शांतलिंगप्पांना आठवत होतं, पण ओळख म्हणावी अशी नव्हती. तो ओसरीवर टेकला, पाणी प्यायला आणि खालच्या आवाजात म्हणाला की तुमचा धाकटा शिवलिंग निजामाच्या हद्दीपलीकडं, लढणाऱ्या पोरांच्या कँपात आहे आणि बरा आहे. सहा महिन्यांत त्या घरात शिवलिंगाची कसलीच खबर आली नव्हती. त्याची आई गिरिजाबाई चुलीपुढून उठून दारात आल्या त्या तशाच पिठाच्या हातानं.

गुंडाप्पाचा निरोप थोडका होता. गुरुवारी सकाळी मी येतो, बायकांना घेऊन माझ्याबरोबर निघा, हद्द ओलांडून देतो.

"आन् ह्ये कुत्रं खूण म्हणून दिलंय," तो म्हणाला. "त्याचं नाव मला सांगितलं न्हाय त्यानं, मुद्दामच. डोंगराचं नाव हाय म्हनला, अव्वाला बरूबर कळंल. हाक मारल्यावर उठलं तर माझ्यावर इश्वास ठिवा. न्हाय उठलं तर ठिवू नका."

एवढं बोलून तो गेला.

खूण चांगली होती, यात वाद नव्हता. गेल्याच महिन्यात माकणीकडचं एक बिऱ्हाड असंच एका वाटाड्याबरोबर गाडी जुंपून निघालं होतं. ते पलीकडं पोचलं नव्हतं आणि परतही आलं नव्हतं. रझाकारांच्या टोळ्या रस्त्यानं हिंडत होत्या. कोण कुणाचा माणूस, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. अशा दिवसांत शिवलिंगानं वाटाड्याला ठाऊक नसलेलं नाव खूण म्हणून पाठवलं, हे त्याच्या स्वभावाला धरून होतं. अडचण एकच होती. ते नाव घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

शांतलिंगप्पांनी पहिली हाक मारली ती 'बालाघाट'. पोराला धाराशिवच्या शाळेत घालायला ते स्वतः गाडीतून घेऊन गेले होते. सास्तूरच्या सपाट काळ्या रानात वाढलेलं पोर घाट बघून गाडीत उभंच राहिलं होतं. त्यांना वाटलं, दुसरं काय असणार? त्यांनी दोनदा, तीनदा हाक मारली. मग चिडून म्हणाले की हे कुत्रं बहिरं आहे.

थोरल्या महारुद्रानं 'हातलाई' म्हणून बघितलं. तो दर महिन्याला भावाच्या खोलीवर पीठ-मीठ पोचवायला जायचा तेव्हा खोलीला कुलूप असायचं आणि शिवलिंग गावाबाहेर हातलाईच्या डोंगरावर सापडायचा. महारुद्राची बायको गंगम्मा सातव्या महिन्यात होती. तिनं उंबऱ्यावर बसूनच 'तुळजापूर', 'घाट', 'डोंगऱ्या' अशी हाती येतील ती नावं घेतली. 'गुड्डा' हेसुद्धा म्हणून झालं, कारण गिरिजाबाईंचं माहेर आळंदकडचं, घरात निम्मं बोलणं कानडी, आणि कानडीत टेकडीला गुड्डा म्हणतात. कुत्र्यानं जांभई दिली.

गिरिजाबाईंच्या मनात एक नाव आल्यापासून त्या अस्वस्थ होत्या. लग्नानंतर त्या एकदाच लांबच्या यात्रेला गेल्या होत्या, श्रीशैलाला. त्या डोंगराच्या गोष्टी त्यांनी दोन्ही पोरांना शंभरदा सांगितल्या होत्या. पण देवाच्या डोंगराचं नाव कुत्र्याला कसं ठेवेल कुणी? शिवलिंग ठेवेल का? शाळा शिकल्यापासून त्याचं देवाधर्माचं बोलणं वाकडं झालं होतं, खरं. अंगणात कुणी नाही असं बघून त्यांनी गळ्यातल्या लिंगाला हात लावला, मनातल्या मनात क्षमा मागितली आणि कुत्र्याच्या कानाशी वाकून हळूच म्हटलं, "श्रीशैल."

कुत्र्यानं त्यांचा हात हुंगला. पिठाचा वास आला असेल. मग कुत्र्यानं तोंड फिरवलं.

'अव्वाला बरूबर कळंल.' हे वाक्य त्यांच्या मागं लागलं होतं. आईला कळेल असं पोरगं इतक्या भरवशानं सांगतं आणि आईला कळत नाही. मग एक तर हा निरोप पोराचा नव्हता, नाही तर त्यांच्यातच काहीतरी उणं होतं. या दोहोंपैकी काय खरं ठरावं अशी इच्छा करायची, हेही त्यांना सुचेना.

मंगळवारी संध्याकाळी ओसरीवर बोलणं झालं, आणि त्यात सगळ्यांनीच आपापल्या जागा बदललेल्या दिसल्या. संक्रांतीपासून महारुद्र घर सोडायचा धोशा लावून होता. गंगम्माचं माहेर अक्कलकोटच्या बाजूला, म्हणजे हद्दीपलीकडं. बाळंतपण तिकडं सुखरूप होईल असं तो म्हणायचा, आणि आप्पा त्याला उडवून लावायचे. जवारी रानात उभी आहे आणि निघायच्या गोष्टी काय करतोस, असं म्हणायचे. आता मात्र शांतलिंगप्पाच म्हणाले की बायकांना पाठवावं, आणि महारुद्रानं मान हलवली.

"ह्या माणसाबरोबर न्हाय," तो म्हणाला. "कुत्रं उठलं न्हाय, आप्पा. त्यानंच सांगितलं होतं, न्हाय उठलं तर इश्वास ठिवू नका."

आप्पा म्हणाले की लबाड माणूस असं कशाला सांगेल? महारुद्र म्हणाला की लबाड माणूसच असं सांगेल, आपला विश्वास बसावा म्हणून. गंगम्मा नवऱ्यावर रुसून आत गेली, कारण दोन महिने तोच तिला माहेरची आशा लावत होता. गिरिजाबाईंना दोघांचंही पटत होतं.

मग त्यांनी धाकट्या सुनेला बोलावलं. अयोध्या शिवलिंगाची बायको. लग्नाला दीड वर्ष झालं होतं, पण त्यातला निम्मा काळ तो धाराशिवला शाळेत होता आणि उरलेल्यातला बहुतेक हद्दीपार. गिरिजाबाईंनी विचारलं की तुझ्याशी कधी कुठल्या डोंगराचं बोलला होता का तो?

"न्हाय, अत्याबाई," अयोध्या म्हणाली आणि खाली बघत उभी राहिली.

तिनं एकदाही कुत्र्याला हाक मारली नव्हती. तिला सांगण्यासारखं काही नव्हतं, आणि ते नसल्याची तिला लाज वाटत होती. नवऱ्याविषयी तिला ठाऊक असलेल्या गोष्टी बोटांवर मोजण्याएवढ्या होत्या. तो पाय वाकळेच्या बाहेर काढून झोपायचा. भाकरीचा पापुद्रा आधी खायचा. वाचताना ओठ हलवायचा. यात कुठं डोंगर नव्हता. सोमवारपासून कुत्र्याला पाणी तीच ठेवत होती. ते तिच्याजवळ यायचं, पण ते पाण्यासाठी.

बुधवारी दुपारी निजामाच्या पोलीस चौकीचे जमादार घोड्यावरून आले.

जमादार म्हातारे होते, निवृत्तीला टेकलेले. शांतलिंगप्पांकडं त्यांचं वीस वर्षांचं येणं-जाणं होतं. पूर्वी ते आले की आप्पा ताजा गूळ काढायचे. सहा महिन्यांपासून ते आले की घरातली बोलणी थांबायची. ते ओसरीवर टेकले, पगडी काढून मांडीवर ठेवली आणि दरवेळेसारखं विचारलं, "धाकला कां है?"

आप्पांनी दरवेळेचंच उत्तर दिलं. गुलबर्ग्याला पाहुण्यांच्या दुकानात आहे, काम शिकतोय. जमादारांनी ते ऐकलं आणि खांबाला टेकून उभ्या असलेल्या महारुद्राकडं वळले.

"सुनो बेटा," ते म्हणाले.

शेवग्याखालचं कुत्रं उभं राहिलं.

महारुद्राला ते सगळ्यात आधी दिसलं. दोरी ताणली जाईपर्यंत कुत्रं पुढं आलं, शेपटी हलवत, दोन्ही कान उभे करायचा प्रयत्न करत. दोरी लांब होती. जमादारांच्या पायांपर्यंत ते पोचलं आणि त्यांच्या गुडघ्यावर हनुवटी टेकून बसलं.

"अरे वा. क्या चाहिये, बेटा?" जमादार म्हणाले, आता कुत्र्याला. कुत्र्यानं आनंदानं अंग वाकडं केलं.

दाराआड उभ्या असलेल्या गिरिजाबाईंनी पदर तोंडाशी धरला. जमादारांनी कुत्र्याच्या मानेवरून हात फिरवला, गळ्यातली नवी दोरी बोटांत धरून बघितली आणि सहज विचारावं तसं विचारलं की हे कधीपासून पाळलं, नाव काय ठेवलं.

"बालाघाट," आप्पा म्हणाले.

"हातलाई," त्याच क्षणी महारुद्र म्हणाला.

जमादारांनी बापाकडं पाहिलं, मग लेकाकडं. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं नव्हतं, पण ते हललंही नव्हतं. काहीतरी बोलायला हवं होतं आणि डोक्यात नुसते डोंगर होते.

तेवढ्यात अयोध्या दुधाचा पेला घेऊन बाहेर आली. सासऱ्यापुढं, थोरल्या दिरापुढं ती परक्याशी कधी बोलली नव्हती. पदर कपाळाच्या खाली ओढून तिनं पेला ठेवला आणि तशीच उभी राहून म्हणाली, "नाव अजून ठरलं न्हाय, जमादारसाब. तीन दिस घरात ह्येच चाललंय. मामंजी एक म्हनत्यात, भावजी एक म्हनत्यात. कुत्रं कुणाचंच ऐकंना झालंय."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. कदाचित त्यामुळंच जमादारांना ते पटलं. ते म्हणाले की नातवाच्या नावावरून त्यांच्या घरात आठ दिवस कुणी कुणाशी बोलत नव्हतं. दूध पिऊन ते उठले. आप्पा त्यांना घोड्यापर्यंत सोडायला गेले. रिकिबीत पाय ठेवता ठेवता जमादार न बघताच म्हणाले, "धाकला आया तो बोलना, चार दिन इधर नक्को आने को."

आप्पा परत आले ते डोकं धरून. धाकटा येणार आहे हे जमादारांना कळलं होतं का? की तो येईल असा नुसता अंदाज? जुन्या ओळखीनं सावध केलं म्हणावं, की तोंड उघडतंय का बघायला खडा टाकला म्हणावं? वीस वर्षांची ओळख असून आपल्याला हे सांगता येत नाही, याचंच त्यांना वाईट वाटत होतं.

गिरिजाबाईंना जमादारांचं जाता जाताचं बोलणं ऐकू आलं नव्हतं. त्या सरळ कुत्र्यापुढं जाऊन बसल्या.

"बेट्टा," त्या म्हणाल्या, 'ट' वर जोर देऊन.

कुत्रं त्यांच्या अंगावर आलं.

गंगम्मा रडायलाच लागली. रोजच्या बोलण्यात टेकडीला गुड्डा म्हणतात, पण मठात म्हटली जाणारी जी जुनी कानडी पदं आहेत त्यांत डोंगर म्हणजे बेट्ट. गिरिजाबाईंना ती पदं तोंडपाठ होती, हे सगळ्या घराला ठाऊक होतं. आईला कळेल असं डोंगराचं नाव. यापेक्षा जास्त काय हवं होतं?

महारुद्राला ते हवंसं वाटत होतं, म्हणूनच तो घाबरला. तो पायांवर बसून अगदी मऊ आवाजात म्हणाला, "बेटा." कुत्रं गिरिजाबाईंना सोडून त्याच्याकडं आलं.

"बघितलंत?" तो म्हणाला. "अव्वा, ह्ये बेटा म्हणलं तरी येतंय. उर्दू बोलनाऱ्या कुणाच्याबी घरातलं कुत्रं बेटा म्हणलं की येनारच. चौकीतलं असंल. रझाकाराचं असंल. डोंगराचंच नाव हाय ह्ये कशावरून?"

हाही मुद्दा खोडता येण्यासारखा नव्हता. महारुद्र वाईट हेतूनं बोलत नव्हता. बायकोच्या पोटाकडं बघत बोलत होता.

"त्यो शब्द म्या शिकवलाय त्याला," गिरिजाबाई म्हणाल्या. "ल्हान असताना. मांडीवर घेऊन. बेट्ट म्हंजे काय म्हनून त्यानं विचारलं आन् म्या सांगितलं. मला चांगलं आठवतंय."

"नक्की, अव्वा?"

"नक्की."

त्यांचा आवाज इतका स्थिर होता की महारुद्रानं पुढं काही विचारलं नाही. आप्पा म्हणाले, मग ठरलं. गंगम्मा डोळे पुसून कपडे बांधायला उठली. गिरिजाबाई तिथंच बसून राहिल्या. त्यांना काही आठवत नव्हतं. मांडीवर घेतलं असेल, कुठल्या आईनं घेतलं नसेल? पदं म्हटली असतील. त्यानं अर्थ विचारला होता का? आठवायला गेलं की त्यांना पोराचा चेहरासुद्धा धड दिसेना, महारुद्राचा लहानपणीचा आणि शिवलिंगाचा एकात एक मिसळून जायचा. आपण खोटं बोललो की खरं, हेही त्यांना सांगता आलं नसतं. पण कुणीतरी नक्की म्हणायला हवं होतं आणि ते म्हणू शकेल असं घरात दुसरं कुणी नव्हतं.

वर पाहिलं तर अयोध्या त्यांच्याकडं बघत होती. तिनं लगेच नजर वळवली आणि भाकरीचं पीठ मोजायला गेली.

गुरुवारी दिवस उगवताना गुंडाप्पा आला. कुत्रं सुटं होतं आणि गिरिजाबाईंच्या मागंमागं हिंडत होतं, ते त्यानं पाहिलं आणि काही विचारलं नाही. गंगम्माला बाळंतपणासाठी माहेरी पोचवायला निघालोय, असं वाटेत सांगायचं ठरलं होतं. म्हणून गाडीला आडोशाचा तट्ट्या लावला होता, तिच्या ओटीत नारळ होता. महारुद्र गाडीवर बसला. त्यानं कासऱ्याशेजारी कुऱ्हाड ठेवली होती आणि गुंडाप्पाला मुद्दाम पुढं चालायला लावलं होतं. आप्पा आले नाहीत. जवारी काढतो आणि येतो, म्हणाले. सगळेच गेले तर चौकीला आज दुपारीच कळेल, हे ते बोलले नाहीत. गाडी वळणावर जाईपर्यंत ते अंगणात उभे होते. पुढं त्यांची गाठ पडली ती भादव्यात, निजामाचं राज्य गेल्यावर.

दोन दिवस लागले. वाटेत एकदाच स्वार आडवे आले. गंगम्मानं पोट धरून कण्हायला सुरुवात केली, आणि ते सोंग होतं की खरं हे महारुद्रालाही कळेना. स्वारांनी तट्ट्यात डोकावून पाहिलं आणि जाऊ दिलं. गुंडाप्पा फारसं बोलत नव्हता. तो जेव्हा जेव्हा मागं बघायचा, तेव्हा महारुद्राचा हात कुऱ्हाडीकडं जायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी तो एका कोरड्या ओढ्याच्या काठावर थांबला आणि म्हणाला की ही हद्द. पलीकडं तशीच काळी रानं होती, तशाच बाभळी. गिरिजाबाई बघत राहिल्या. काही वेगळं असेल असं त्यांना वाटलं होतं.

कँप एका जुन्या धर्मशाळेत होता. शिवलिंग दारात आला तेव्हा आधी अयोध्यानं त्याला ओळखलं, कारण त्याला दाढी होती आणि गिरिजाबाई बिनदाढीचं तोंड शोधत होत्या. तो आईच्या पाया पडला, भावाला मिठी मारली. वहिनीला धड पोचलेली बघून त्यानं तिला बसायला जागा करून दिली. अयोध्याकडं त्यानं नुसतं पाहिलं. तेवढं पुरेसं होतं. महारुद्र गुंडाप्पाकडं गेला आणि त्याचे दोन्ही हात हातांत धरून उभा राहिला.

कुत्रं आधीच आत पळालं होतं. चुलाणापाशी एक हैदराबादकडचा म्हातारा आचारी बसला होता. "आव बेटा, आव," तो म्हणत होता आणि कुत्रं त्याच्या भोवती नाचत होतं.

महारुद्रानं ते पाहिलं. त्यानं आईकडं पाहिलं.

शिवलिंग हसत होता. "सगळे त्याला कायबी म्हनत्यात हितं," तो म्हणाला. "पण म्या हाक मारली की कुनाकडंबी असू दे, सोडून येतंय." आणि त्यानं मोठ्यानं हाक मारली, "धुमाजी!"

कुत्रं चुलाण सोडून आलं.

"तुला आठवलंच असंल, अव्वा," तो म्हणाला. "तुळजापूरला जाताना गाडीचा आस मोडला होता बघ. म्या लई रडत होतो. समोर धुक्यात एक डोंगर होता. तू म्हनालीस, ह्यो धुमाजी. रडला न्हाईस तर आपल्या मागनं घरी यील. पुढं शाळेत असताना म्या किती जनांना इचारलं, त्या नावाचा डोंगरच न्हाय कुठं. तूच ठिवलं होतंस त्ये नाव. तुझ्याशिवाय दुसऱ्या कुनाला ठावं असनार? म्हनून खूण म्हनून त्येच पाठवलं."

गिरिजाबाईंनी आठवायचा प्रयत्न केला. मोडलेला आस, धुकं, रडणारं पोर. अशा कितीतरी सकाळी, कितीतरी वेळा पोरांना गप्प करायला काहीबाही सांगितलेलं. त्यातली ही एक त्यांच्या हाती लागेना. त्यांचा मुलगा वीस वर्षांचा होऊन, दाढी वाढवून त्यांच्यापुढं उभा होता आणि ती सकाळ त्यांना आठवायची वाट बघत होता.

"मग?" त्यानं विचारलं. "हाक मारल्यावर लगेच उठलं का?"

गंगम्मा बोलायला तोंड उघडत होती. महारुद्रानं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"उठलं की," गिरिजाबाई म्हणाल्या.

"पहिल्याच हाकेला," अयोध्या म्हणाली.